जपानी कॅलेंडर आणि आमची बोडी

मी बारावीत होती तेव्हा बाबा ज्या राईस मिलमध्ये ऑपरेटर होते तिथं जपानची मशीन आली. तांदळातले काळे दाणे वेगळे करणारी. म्हणजे बघा, एक एक दाणा तिच्या डोळ्यासमोरून जातो, आणि काळा दिसला की ती फुंकर मारून त्याला बाजूला उडवते. खरंच फुंकर. बाबा वीस वर्षं तळहातावर तांदूळ घेऊन हेच करत होते, फुंकर सोडून. मशीन सुरू झाली त्या दिवशी घरी येऊन एवढंच बोलले, "डोरे लय तेज हायेत तिचे." आणि जेवायला बसले.

मशीनसोबत एक कॅलेंडर आलं होतं. मिलच्या मालकानं, म्हणजे सेठजीनं, ते उलटंपालटं करून पाहिलं, बाराही पानांवर एक पण देव सापडला नाही, म्हणून बाबाला देऊन टाकलं.

आणि काय चित्रं होती! बर्फात बुडालेलं देऊळ, पावसातला लाकडी पूल, संध्याकाळी एकाच खिडकीत दिवा लागलेलं घर, आणि बहुतेक चित्रांत एकच माणूस, तोही पाठमोरा, छत्री घेतलेला, जसा काही फोटोवाल्यावर रागावून चालला. जूनच्या पानावर तर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं! रोवणी सुरू, बांधीत पाणी, पाण्यात आभाळ, बाया वाकलेल्या. मी ओरडलीच, "आई, मुर्री!" मुर्री म्हणजे आमचं गाव, गोंदियाजवळचं.

आई ओसरीत विड्या वळत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं. "मुर्री कुठची वो. धुरा पाह्य किती साफ हाये."

खरंच बांधावर एक काडी नव्हती. पण मला काही फरक पडला नाही. मी ते कॅलेंडर माझ्या खाटेजवळ लावलं आणि आठवडाभर दर थोड्या वेळानं पान पलटून बघत राहिली. मला वाटायचं ही पेंटिंग आहेत. मग शेवटच्या पानावर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं. ही सगळी चित्रं एकाच कलाकाराची होती, त्याची माहिती होती ती, आणि ती पेंटिंग नव्हतीच! लाकडावर कोरून छापलेली होती. डिक्शनरी घेऊन ते एक पान वाचायला मला चार दिवस लागले. रोज जेवताना जेवढं समजलं तेवढं मी घरात सांगायची. कोणी विचारलं नव्हतं, तरी.

पहिल्या दिवसाचं असं: त्याच्या घरचं दुकान होतं. हा मोठा पोरगा. बापाला वाटे यानं दुकानावर बसावं, याला चित्रं काढायची होती. बसला बिचारा दुकानावर, पंचविशी उलटेपर्यंत. मग एका गुरूकडे गेला तर गुरू म्हणे उशीर झाला, आता दुसरीकडे जा.

बाबाचा घास थांबला. "मंग बापानं का केलं?"

"ते नाही लिहिलं."

"दुकान कोन पाहे मंग?"

"ते पण नाही लिहिलं."

"मंग लिहिलं तरी का बाप्पा," बाबा म्हणाले आणि वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसाचं: तो महिना महिना फिरायचा. एक वही, एक छत्री. पाऊस आला की लोक घरात पळत, हा बाहेर निघे. गावोगावच्या नद्या, पूल, बांध्या वहीत उतरवून आणायचा. पण चित्र तो एकटा बनवत नव्हता! तो फक्त कागदावर काढे. दुसरा माणूस ते लाकडावर कोरे. तिसरा त्या लाकडाला रंग लावून कागदावर छापे. चौथा ते विके आणि आधीच्या तिघांनाही रागवे. प्रत्येक रंगाची फळी वेगळी. एकच कागद वीस-तीस वेळा फळ्यांवर ठेवायचा, आणि एकदा जरी केसभर सरकला की सगळं वाया.

"म्हंजे मिलच हाये," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भूकंप आला. जपानमध्ये, म्हणजे कॅलेंडरच्या मागच्या पानावर. शहरात आग लागली आणि त्याच्या सगळ्या वह्या जळाल्या. किती वर्षांच्या फिरण्याच्या! कोरलेल्या फळ्यापण. वय चाळिशीचं. मला सांगता सांगता रडू आलं. आई म्हणाली, "मंग?" मंग काय, त्यानं नवीन वही घेतली आणि पुन्हा निघाला. आधी कधी गेला नव्हता इतक्या लांब गेला. आणि त्याची चांगली चांगली चित्रं त्याच्यानंतरचीच आहेत असं लिहिलं होतं.

"बाप होता का तवा त्याचा?" बाबानं विचारलं.

लिहिलं नव्हतं.

त्या वर्षी मला डी.एड.ला नंबर लागला नाही. तेव्हा आमच्याकडे बारावी झाली की डी.एड.चा फारम भरायचा असं होतं. कोणी कायले म्हणून विचारत नव्हतं. नंबर लागला नाही म्हणजे माझं एक वर्ष रिकामं पडलं होतं, आणि मी धीर करून सांगून टाकलं की मला डी.एड. करायचंच नाही, मला नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं आहे.

"तिथून का होऊन निंघतेत?" बाबानं विचारलं.

"कलाकार."

बाबानं कॅलेंडरकडे पाहिलं. "याच्यासारका?"

"हो."

"याच्यासारकं एक करून दाखव मंग. वर्ष हाये तुह्याजवर. पुढच्या जूनमदी पुन्हा फारम निंघतीन. तुह्यं चित्र सेठजीनं आपल्या भिंतीवर टांगलं, तं नागपूरचा भराचा. नाही टांगलं, तं डी.एड.चा."

"सेठजीच काऊन पण?"

"मले का समजते चित्रातलं? सेठजी मूठभर धान पाहून सांगते कोन्या गावचं हाये थे. आनं लिहाज नाही करत कोनाचा."

ही अट मला त्या दिवशी खूप सोपी वाटली. मी खूश होती. मी लगेच मोजून टाकलं: काढणारी मी. टांगणारा सेठजी. मधले दोन पाहिजे, कोरणारा आणि छापणारा.

कोरणारा तर गावातच होता. मुर्रीत एक वाढई होते, वाढई म्हणजे सुतार, आणि सगळं गाव त्यांना मामा म्हणे. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं लाकडी नंदी ओढत फिरवतात ना, ते नंदी त्यांच्या हातचे. मी कॅलेंडर घेऊन त्यांच्या अंगणात गेली. सगळीकडे बिनशिंगाचे नंदी पडले होते. मामांनी जूनच्या पानावरून नख फिरवलं.

"हे कोरलं हाये?"

"हो मामा. जपानच्या वाढईनं."

"नाव कुठी हाये त्याचं?"

मी शोधलं. चित्र काढणाऱ्याची सही होती, लाल शिक्का होता. कोरणाऱ्याचं काहीच नव्हतं.

"तुमचं टाकू आपण," मी म्हटलं.

"राहू दे. त्याचं नाही तं माह्यं कायले," मामा म्हणाले. "पोळा होऊ दे, मंग ये."

पोळ्यापर्यंत मी चित्र काढायचं ठरवलं. जपानी कलाकारासारखंच. पाऊस आला की छत्री आणि वही घेऊन मी बाहेर. गावाच्या मागं एक बोडी आहे, लहानसा तलाव म्हणा, तिच्या बाजूला बांध्या आणि धुऱ्यावर दोन-तीन पळस. मी रोज तिथं जाऊन बसायची. दुसऱ्याच दिवशी एक काका छत्री घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"काऊन वो पोरी, जमीन मोजून राहिली का?"

"नाही काका, चित्र काढून राहिली."

"रस्ता जाते का इथून?"

"नाही हो. चित्र आहे."

"नकाशा नोको म्हनू, पन सांग तं खरी, कोनाकोनाची जमीन जाते?"

त्याच्या दुसऱ्या दिवशी तिघं आले. एकानं सातबारा आणला होता. मी त्यांना कॅलेंडर दाखवलं, तर त्यांचं म्हणणं पडलं की जपानची कंपनी येऊन राहिली.

शेवटी चित्र झालं. छान झालं होतं, मी खोटं नाही सांगत. बोडी, पळस, पाऊस, रोवणी करणाऱ्या बाया. बायांच्या डोक्यावर युरियाच्या पोत्याच्या खोळी होत्या, त्या मी काढून टाकल्या आणि त्यांना जपानी टोप्या दिल्या. धुऱ्यावर विजेचा एक मोठा खांब होता, तो पण मी घेतला नाही. धुरे साफ करून टाकले.

पोळा झाला. मामांनी शिवणीची फळी रंधली, मी चित्राचा कागद तिच्यावर उलटा चिकटवला, आणि मामा कोरायला बसले. मी रोज जायची आणि रोज बोलायची. मामा बोलत नव्हते. पावसाच्या रेषा इतक्या बारीक होत्या की त्यांनी पटाशी सोडून एका छत्रीची तार घासली आणि तिनं कोरलं. दिवाळी होऊन गेली. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, ती पण होऊन गेली. मग एक दिवस मामा स्वतः आमच्या घरी आले, फळी धुतलेल्या धोतरात गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून.

मी धोतर उलगडलं. फळी चमकत होती. बाभळीच्या डिंकासारखा रंग. एका कोपऱ्याला हळद-कुंकू, वर बेलाचं पान. अशी सुंदर वस्तू आमच्या घरात त्याच्याआधी आली नव्हती, मशीनची गोष्ट वेगळी, ती मिलमध्ये होती.

"हे काय लावलं मामा?"

"जवसाचं तेल. तीन दिवस पाजलं."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? माह्या घरचं लाकूड कोरडं बाहीर नाही निंघत. माह्या बापाच्या हातचे नंदी पाह्य जाऊन लोकाच्या घरी. एकाले तडा नाही."

आता हे सांगायला पाहिजे की जपानी छपाईचा रंग पाण्यातला असतो. पाणी, रंग आणि तांदळाची खळ. मी तो घोटून तयारच ठेवला होता. ब्रशनं फळीवर लावला. रंगाचे बारीक बारीक थेंब झाले आणि इकडून तिकडं पळायला लागले, तव्यावर पाणी टाकल्यासारखे. मी तरी कागद ठेवून दाबला. उचलला.

आई वाकून बघत होती. "गोवर निंघाला का याले?"

मामा पुढे झाले. कागद हातात घेतला, फळीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

मग आम्ही ती फळी रिठ्यानं धुतली. सोड्यानं धुतली. चुलीची राख चोळली. गरम पाणी टाकलं. तेल थोडं निघालं, आणि उन्हात वाळवायला ठेवली तर फळी छपरावरच्या कवेलूसारखी वाकली. तीन महिन्यांचं काम. मामा आमच्या ओसरीवर बसून होते आणि मला वाटलं यांना काहीतरी चांगलं सांगावं, म्हणून मी त्यांना भूकंपाची गोष्ट सांगितली. वह्या कशा जळाल्या, फळ्या कशा जळाल्या, तो पुन्हा कसा निघाला.

"भूकंपाचं दुसरं असते," मामा म्हणाले. "हे मी केलं." आणि वाकलेली फळी काखेत मारून निघून गेले.

माझ्या हातात सहा महिने होते. चित्राचा कागद फळीला चिकटलेला होता तो कोरण्यातच गेला, दुसरी नक्कल मी केली नव्हती, कारण माझा माझ्यावर विश्वास होता. मी पुन्हा बोडीवर गेली. आता कुठला पाऊस? धान कापून झालं होतं. बांध्यांत लाखोळीचं हिरवं पीक, सकाळचं धुकं, बोडीचं पाणी अर्ध्यावर, आणि पाण्यात एक म्हैस. बाया नव्हत्या, टोप्या नव्हत्या. जे होतं ते मी काढलं, खांब तेवढा सोडून, घाईत, बोटं गारठलेली, आणि मामांच्या अंगणात नेऊन ठेवलं. वाटलं फेकून देतील.

मामांनी कागदाकडे पाहिलं. "रंग किती?"

"चार. आणि काळा."

"म्हंजे पाच फळ्या." त्यांनी बोटं मोजली. "तेल नाही लावत आता. पन हळद लावीन."

"लावा मामा. कोपऱ्याला लावा."

यावेळी मी रोज गेली नाही. आईनं बंदी घातली होती, म्हणे, त्या मानसाले कोरू दे. कागद दर फळीवर नेमका त्याच जागी बसावा म्हणून जपानमध्ये फळीच्या कोपऱ्यात खाच करतात, ती मी मामांना समजवायला गेली तर त्यांनी आधीच गुण्या लावून केली होती. मार्चमध्ये मी फळ्या बघायला गेली. धुकं वेगळ्या फळीवर, लाखोळीचा हिरवा वेगळ्या, आणि मुख्य फळीवर, धुऱ्याच्या मधोमध, बोडीच्या बरोबर मागं, विजेचा खांब. तारांसकट.

"मामा, हा खांब?"

"हाये थो तिथी."

"पण मी काढला नव्हता."

"माह्या धुऱ्यावर हाये थो. लाईनवाल्यानं गाडला तवा मी तीन दिवस भांडलो, नाही निंघाला. मी नाही काढू शकलो, तुनं कायनं काढला?"

"मी नाही, म्हणजे... काढलाच नाही ना मामा, चित्रात घेतला नाही."

"थेच म्हनून राहिलो मी."

मी रागारागानं घरी आली. तीन महिने तर होते फक्त, खांब कोरून काढला तर त्या जागी खड्डा पडणार. कॅलेंडर समोर होतं. मी त्याच्याकडे मदतीसाठी पाहिल्यासारखं पाहिलं, आणि ऑगस्टच्या पानावर, पावसातल्या रस्त्याच्या कडेला, मला खांब दिसला. विजेचा! आडव्या पट्ट्या, तारा, सगळं. वर्षभर मी त्याला झाड समजत होती. मग मी बाकीची पानं पाहिली. अजून एकावर होता. तो माणूस महिनोन्‌महिने फिरून जे समोर होतं ते घेऊन येत होता आणि मी त्यातलं देऊळ आणि बर्फ तेवढं बघत होती. मी मामांना काही सांगायला गेली नाही. ते म्हणाले असते, हाये थो तिथी.

आता छापायचं. छापणारी मीच, असं मी ठरवलं होतं. नागपूरहून हातकागद मागवला, मिलमधल्या कनकीची, म्हणजे तुटक्या तांदळाची, खळ शिजवली, आणि सुरू केलं तेव्हा मे लागला होता. गोंदियाचा मे. रंग ब्रशवरच वाळे. कागद ओला केला तर फळीपर्यंत नेता नेता पापडासारखा कडक. कूलरसमोर बसली तर कागद उडे. पहिल्या दिवशी दहा कागद वाया गेले, दुसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी मी फळीवर डोकं ठेवून बसली.

आई विड्यांची पानं भिजवत होती. तेंदूची पानं अशीच वळली तर तुटतात, म्हणून ती पाण्यात बुडवून ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवतात, मग सकाळी ती मऊ होतात, ओली नाही आणि कोरडी पण नाही. आई हे तीस वर्षांपासून करून राहिली होती आणि मी अठरा वर्षांपासून बघून राहिली होती.

"तुह्या कागदाले भूक नाही, तहान हाये," आई म्हणाली. "आण इकडं."

तिनं कागदाचा गठ्ठा ओल्या बारदान्यात गुंडाळला आणि पानांच्या बाजूला ठेवून दिला. सकाळी काढला, एका कोपऱ्याला अंगठा आणि बोट लावलं. "अजून नाही." परत गुंडाळला. तासाभरानं पुन्हा बोट. "आता." मी विचारलं कसं समजलं. ती म्हणाली, समजते.

कागद घासायला जपानमध्ये बांबूच्या सालीत गुंडाळलेली चकती असते. आईनं जुन्या लुगड्याची घडी करून तिच्यावर तेंदूचं पान ताणून बांधलं आणि घासायला बसली. खिडकीला ओलं बारदान, दार बंद, कूलर बंद, आतमध्ये भट्टी. आधी काळा. मग धुक्याचा राखाडी. मग हिरवा. मी कागद द्यायची आणि घ्यायची. एकदा मी म्हटलं, आई, मी करून बघू? म्हणाली, "तू नोको. तू लय दाबते. घाई हाये तुले."

चौदा छापले. अकरा बाद, कारण आई बाबापेक्षा कडक निघाली. "हा नाही. हा नाही. याचा हिरवा पान्यात उतरला." तीन राहिले. त्यातला एक तिनं वेगळा ठेवला आणि हात धुवायला गेली. त्या चित्रात धुकं असं होतं की खांबाचा खालचा अर्धा भाग दिसतच नव्हता, वरचा तेवढा, तारा घेऊन उभा. मी मामांना बोलावून आणलं. मामांनी दारातूनच पाहिलं. "म्हस बरी उठली कागदावर," म्हणाले. पाणी प्यायले आणि गेले.

डी.एड.चे फारम निघाले होते. बाबानं एक आणून देवाजवळ ठेवला होता. नागपूरचा मी आधीच मागवून ठेवला होता, तो माझ्या उशीखाली होता.

सोमवारी बाबा आणि मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून सेठजीच्या हापिसात गेलो. सेठजी गादीवर, एका कानाला मोबाईल. आम्ही उभे. मोबाईल झाल्यावर त्यांनी कागद उघडला.

"क्या है ये? मशीनवालों ने भेजा? कैलेंडर तो जनवरी में आता है."

"नाही सेठजी. पोरीनं बनवलं. घरी."

मला बोलायचं होतं, मी लाकूड, खळ, बारदाना सगळं सांगणार होती, बाबानं माझ्या पायावर पाय ठेवला.

सेठजींनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "मिल किधर है इसमें?"

"इकडून दिसत नाही सेठजी."

"हां." मग त्यांनी खांबावर बोट ठेवलं. "ये अपनी लाइन का खंभा है ना? मुर्री साइडवाला?"

"हो सेठजी."

"देखो!" सेठजी एकदम सरळ बसले. "इसके लिए कितने चक्कर काटे मैंने बिजली दफ्तर के, मालूम है तुमको?" बाबाला मालूम होतं. तरी सेठजींनी पहिल्यापासून सांगितलं. कोणता साहेब काय म्हणाला, कोण रजेवर गेला, कोणाची बदली झाली. पंधरा मिनिटं तर नक्कीच. चित्र मांडीवर. मग पुन्हा मोबाईल वाजला, आणि ते म्हणाले, "रख दो उधर."

घरी येताना सायकलवर मी मागं बसली होती. बाबा काही बोलले नाही. मी पण नाही, आणि माझ्यासाठी ते कठीण आहे.

मंगळवारी संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, आणि सांगितलं, "टांगलं."

मी उडीच मारली.

"काटाघरात," बाबा म्हणाले.

काटाघर म्हणजे मिलच्या फाटकाजवळची खोली, जिथं धानाचे ट्रक तोलतात. तिथल्या भिंतीत जुना स्विचबोर्ड काढला होता, त्याचा भोसका पडला होता, त्यातून चिमण्या आत येत आणि तोलाच्या पावत्यांवर बसत. चित्र त्या भोसक्यावर टांगलं होतं. फ्रेम मात्र चांगली केली होती, काच लावून.

"मंग? झालं ना," आई म्हणाली. "भीत सेठचीच हाये."

"हापिसाची भीत म्हनलो होतो मी."

"हापिसाची नाही म्हटलं," मी म्हटलं. "आपल्या भिंतीवर म्हटलं होतं."

"मनात हापिसच होतं माह्या."

"मनातलं कोनं पाह्यलं," आई म्हणाली.

बाबा विचारात पडले. त्यांचं असं आहे की दाण्यात ओल जास्त असली तर सख्ख्या भावाचं धान परत पाठवणारा माणूस तो. बुधवार गेला. मी उशीखालचा फारम दोनदा काढून पाहिला. देवाजवळच्या फारमवर आईनं दिव्याचं तेल सांडलं, चुकून, असं ती म्हणाली. गुरुवारी बाबानं सेठजीला सरळ विचारलं, काटाघर हापिसात येते का. सेठजी म्हणाले, "क्यों, किराया मांगोगे क्या?" म्हणजे काहीच समजलं नाही.

फारमची शेवटची तारीख शनिवार आहे हे शुक्रवारी मी तिसऱ्यांदा सांगितलं. बाबा त्या दिवशी उशिरा मिलमधून निघाले होते. खाटेवर बसले, चप्पल काढली नाही.

"काट्यावर गेलतो मी दुपारी," ते म्हणाले. "बालाघाटचा ट्रक होता. डायवर आत आला, पावती घ्याले. तुह्यं चित्र पाहे. मले विचारे, ये कहां का सीन है. मी म्हनलो, बाहीर पाह्य."

"मग?"

"गेला बाहीर. उभा राहिला फाटकापासी, तिकडं तोंड करून. मी म्हनलो आता येईन मंग येईन. मांगं गाड्या लागल्या, हारन वाजवून राहिले. थो उभाच. खांब दिसते तिथून, पळस बी दिसते एक. मंग आला. पावती घेतली. पुन्हा पाह्यलं चित्र. आनं गेला."

"काही म्हणाला का?"

"नाही. ट्रकवाल्याले टाइम कुठी राहाते." बाबानं चप्पल काढली, खाटेखाली सरकवली. "मले बी नव्हता. मी बी गेलो मंग बाहीर, पाहाले."

आई तवा घेऊन दारात उभी होती.

"फारम आण थो," बाबा म्हणाले. "उशीखालचा."